प्रस्थान

पंचांगांतील मुहूर्त आणि रेल्वेच्या वेळापत्रकांतील वेळ यांचा मेळ बसेना, म्हणजे माझी आई एक तोड काढीत असे. मुहूर्ताच्या दिवशीं ती एका स्वच्छ फडक्यांत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि जाणाऱ्याचें एखादें वस्त्र अशी पुरचुंडी बांधी, आणि ज्या दिशेस जावयाचें त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे ती नेऊन ठेवी. यास प्रस्थान ठेवणें म्हणतात. पुरचुंडीनें उंबरठा ओलांडला कीं शास्त्राच्या दृष्टीनें प्रवासास आरंभ झाला. मग माणूस चार दिवसांनीं निघाला तरी चालतें. निघतांना तीच पुरचुंडी उचलून त्यानें बरोबर न्यावयाची.

लहानपणीं मला या प्रकाराचें हंसूं येई. आतां साठी उलटल्यावर त्यांतील मर्म निराळेंच दिसूं लागलें आहे. मुहूर्तावर विश्वास असो वा नसो, माणूस निघण्यापूर्वीं त्याचें कांहींतरी पुढें गेलेलें असावें आणि तें दुसऱ्या कोणाच्या तरी घरांत जपून ठेवलेलें असावें, ही कल्पना मोठी शहाणपणाची आहे.

हा विचार सुचण्यास कारण झाली माझी पुतणी. रसायनशास्त्राच्या संशोधनासाठीं ती येत्या आश्विनांत जर्मनीस जावयाची आहे. परवां ती उत्साहानें सांगूं लागली, "काका, व्हिसा झाला, विमा झाला, तिकीट काढलें. आतां कांहीं राहिलें नाहीं." मीं सहज विचारलें, "तिथें तुझी वाट पाहणारें कोण आहे?" ती म्हणाली, "माझे प्राध्यापक आहेत ना." "आणखी कोण?" या प्रश्नावर ती गप्प झाली. तिच्या शेजारीं बसलेला तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, माझ्याकडे पाहूं लागला, आणि मग मीहि गप्प झालों. त्याच्या पाहण्याचें कारण पुढें येईलच.

आमच्या शास्त्री-पंडितांच्या भाषेंत योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. आपण तो सरसकट 'उदरनिर्वाह' या अर्थानें वापरतों. परंतु टीकाकारांनीं त्याची फोड मार्मिक केली आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळणें, याचें नांव योग. जें मिळालें त्याचें रक्षण होणें, याचें नांव क्षेम. दूरदेशीं जाणाऱ्या माणसाला या दोहोंची गरज असते, आणि हीं दोन निरनिराळ्या माणसांकडून येत असतात. नोकरी, विद्या, शिष्यवृत्ति, पद, हा सर्व योग. तो प्राध्यापक, व्यवस्थापक किंवा सहव्यवसायी यांच्या ओळखीनें साधतो. परंतु पहिल्या रात्रीं जेवलास का म्हणून विचारणें, ताप आला असतां दार ठोठावणें, थंडींत काय अंगावर घ्यावें हें सांगणें, हें क्षेमाचें काम. तें करणारें माणूस वेगळें असतें. आजची तरुण मंडळी योगाची सिद्धता फार कसोशीनें करतात, आणि क्षेमाची बाजू तिथें गेल्यावर पाहूं म्हणून सोडून देतात. हेंच मला चुकीचें वाटतें.

आपले पूर्वज कोंकण-घाट सोडून जात नसत असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. मात्र त्यांना अशी दोन टोंकांची सिद्धता निराळी करावी लागत नसे. पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं आपल्या चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानांत गेले. घरीं कर्ज झालें होतें, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी वार्ता आली होती. पुढें बंडाच्या धामधुमींत ते सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, लुटलेहि गेले, आणि तरी जिवंत घरीं आले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. तो वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. ग्वाल्हेर काय किंवा झांशी काय, जेथें दक्षिणी मंडळींची वस्ती होती तेथें या भिक्षुकाची विद्या आणि त्याचें घराणें यांना अर्थ होता. विद्येनें दक्षिणा मिळे, आणि त्याच विद्येनें ओसरीवर अंथरूण मिळे. काशीस किंवा त्र्यंबकेश्वरीं उतरलेल्या यात्रेकरूलाहि तीर्थोपाध्याय आपल्या वहींतून त्याच्या आज्याचें नांव वाचून दाखवी. अनोळखी गांवीं आपलें नांव आपल्या आधीं पोंचलेलें असणें, यासारखा दिलासा नाहीं.

समुद्र ओलांडला कीं ही व्यवस्था संपली. तेथें ना वही, ना ओसरी. म्हणून पलीकडचें घर पत्रांनींच बांधावें लागलें. या कामीं आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण मला सर्वांत उद्‌बोधक वाटतें. काशीबाई कानिटकर यांनीं १८८९ सालीं त्यांचें चरित्र लिहिलें, आणि पुढें कादंबरी, नाटक व चित्रपट यांनीं तें घरोघर पोंचविलें. तेव्हां समग्र हकीकत मी येथें सांगत नाहीं. त्यांच्या प्रवासाच्या आधींच्या तीन वर्षांकडे तेवढें वाचकांचें लक्ष वेधतों.

गोपाळराव जोशी हे पोस्टखात्यांतील नोकर. पत्नीच्या शिक्षणासाठीं आणि आपल्याला अमेरिकेंत कांहीं काम मिळावें म्हणून त्यांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. त्या गृहस्थांनीं धर्मांतराची गोष्ट काढली, आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापून टाकला. येथें ती गोष्ट संपावयाची. परंतु १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई दांतांच्या वैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. त्यांनीं होऊन आनंदीबाईंना पत्र घातलें. पत्र एकच, त्याला एका ठिकाणाहून किंमत मागण्यांत आली, आणि दुसऱ्या ठिकाणाहून माया मिळाली. दूरदेशीं ओळखी जोडूं पाहणाऱ्या प्रत्येकास या दोन प्रकारचीं उत्तरें येतातच, आणि त्यांतील भेद ओळखतां आला पाहिजे.

पुढील तीन वर्षें त्या दोघींमध्यें पत्रें चाललीं. त्या पत्रांत याचना जवळ जवळ नाहींच. आनंदीबाई आपल्याकडील चालीरीती, बालविवाह, धर्म यांविषयीं मोकळेपणीं लिहीत; पटलें नाहीं तेथें तसें सांगत. आपली प्रकृति बरी नसते हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं, आणि कार्पेंटरबाई तिकडून औषधें पाठवीत. हळूहळू पत्राच्या मायन्यांत 'मावशी' हें नातें आलें. कार्पेंटरबाईंनीं आपलें घर त्यांच्यासाठीं मोकळें ठेवलें. एका अठरा वर्षांच्या मुलीनें जिला कधीं पाहिलें नाहीं अशी मावशी केवळ शाईनें मिळविली, ही गोष्ट लहान नव्हे.

योगाची बाजूहि त्यांनीं तशीच सांभाळली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास पत्र लिहून त्यांनीं आपली परिस्थिति उघड मांडली: आपल्याजवळ पैसा नाहीं, परंतु माझ्या देशांतील स्त्रियांना स्त्री-वैद्याची निकड आहे, आणि सर्वांचा विरोध पत्करून मी येत आहें. निघण्यापूर्वीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं सेरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं जाहीर व्याख्यान दिलें. अमेरिकेसच कां, एकटीच कां, परत आल्यावर ज्ञातीचें काय, अशा लोकांच्या मनांतील एकेका प्रश्नास त्यांनीं उत्तर दिलें, आणि आपण हिंदु म्हणून जात आहों व हिंदु म्हणूनच परत येऊं असें स्पष्ट सांगितलें. जेथें जावयाचें तेथें जशा ओळखी कराव्या, तसाच जेथून जावयाचें तेथला निरोपहि नीट घ्यावा, हें त्यांना कळलें होतें. व्याख्यानानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदत आली.

७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या. जूनमध्यें न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना घेण्यास उभ्या होत्या. उन्हाळाभर आनंदीबाई रोझेलच्या घरीं राहिल्या. कॉलेजची वेळ आली तेव्हां मावशी त्यांना फिलाडेल्फियास पोंचवावयास गेल्या. तेथील प्रमुख रॅचेल बॉडली यांनीं त्यांना आपलें म्हटलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम्. डी. झाल्या. परतीची वाटहि पत्रांनीं तयार झालेली होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु परमुलखांतील थंडी आणि क्षय यांनीं शरीर पोखरलें होतें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बाविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पकिप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती ठेवलेली आहे. ओळखीनें मृत्यु टळतो असें मी म्हणत नाहीं. मात्र १८८० सालच्या एका पत्रानें जुळलेलें नातें कोठपर्यंत गेलें हें वाचकांनीं पाहावें.

याच्या जोडीला दुसरें उदाहरण ठेवतों. तें मद्रासकडील असलें तरी या विषयास तंतोतंत लागू आहे. श्रीनिवास रामानुजन् हे मद्रासच्या बंदरखात्यांत हिशेबाच्या कचेरींत कारकून होते. त्यांनीं केंब्रिजच्या दोघां नामांकित गणितज्ञांना आपले सिद्धांत पाठविले; त्यांकडून कांहीं साह्य झालें नाहीं. १६ जानेवारी १९१३ रोजीं त्यांनीं तिसरें पत्र हार्डी यांना लिहिलें, आणि त्यानें जग बदललें. दोन पत्रें वायां गेलीं म्हणून तिसरें न लिहिणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या पत्रांतहि रडगाणें नव्हतें. आपण कोण, काय पगार, शिक्षण किती, हें चार ओळींत सांगून पुढें सारें गणितच होतें.

१९१४ च्या आरंभीं हार्डींचे सहकारी नेव्हिल मद्रासेस आले असतां त्यांनीं रामानुजन् यांची समजूत घातली. मित्रमंडळींनीं त्यांना विलायती पोषाख घालण्यास आणि कांटे-चमचे धरण्यास शिकविलें. १७ मार्च १९१४ रोजीं ते बोटींत बसले. लंडनला नेव्हिल त्यांना घेण्यास आले, आणि प्रथम कांहीं आठवडे त्यांनीं आपल्याच घरीं ठेवून घेतलें. पुढें ते ट्रिनिटी कॉलेजच्या खोल्यांत एकटे राहूं लागले. शुद्ध शाकाहार, स्वतःच्या हातचा स्वयंपाक; त्यांत महायुद्ध सुरू झालें. प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हां केंब्रिजमध्यें शिकत होते. त्यांनीं सांगितलेली एक आठवण मला विसरतां येत नाहीं. थंडीच्या दिवसांत ते रामानुजन् यांच्याकडे गेले असतां ते विस्तवाजवळ बसलेले दिसले. रात्रीं ऊब पुरते का, असें विचारतां ते म्हणाले, मी ओव्हरकोट घालून व वर शाल गुंडाळून निजतों, तरी थंडी वाजते. महालनोबीस यांनीं निजावयाची खोली पाहिली. पलंगावर पुष्कळ ब्लँकेटें व्यवस्थित अंथरलेलीं होतीं. तीं उलगडून त्यांच्या आंत शिरावयाचें असतें, हें त्या बुद्धिमंताला कोणीं सांगितलेंच नव्हतें! तो सर्वांच्या वर निजत होता.

जगांतील थोर गणितज्ञांचा स्नेह ज्याला लाभला, त्याला अंथरूण कसें उघडावें हें सांगणारें माणूस मिळेपर्यंत थंडींत कुडकुडावें लागलें. हार्डींना दोष देण्याचें कारण नाहीं; त्यांच्या मनांत हा प्रश्न येण्यासारखाच नव्हता. योग देणारा माणूस क्षेमहि देईल ही आपली अपेक्षाच चुकीची असते. १९१७ पासून रामानुजन् आजारी पडूं लागले, १९१९ सालीं मायदेशीं परतले, आणि २६ एप्रिल १९२० रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं गेले. त्यांच्या दुखण्याचें कारण तें अंथरूण असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्याच्या खोलींत रोज संध्याकाळीं एखादी मावशी डोकावत असती, त्याची थंडी इतके दिवस अज्ञात राहिली नसती.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगावयाची लाज वाटते, म्हणूनच सांगणें अवश्य आहे. १९८५ सालीं माझा धाकटा भाऊ ओरिसांतील एका कारखान्यांत नोकरीस लागला. तो बावीस वर्षांचा; कोंकणापलीकडचा समुद्र किंवा पुण्यापलीकडचें शहर त्यानें पाहिलें नव्हतें. ज्या गांवीं तो जावयाचा होता तेथेंच आमच्या वडिलांचे एक मावसभाऊ कित्येक वर्षें राहत होते. आंब्याच्या चार झाडांवरून दोन्ही घरांत अबोला आलेला. वडिलांनीं मन मोठें केलें आणि मला सांगितलें, "तुझें अक्षर चांगलें आहे. दादांना दोन ओळी लिही, पोर येतो आहे म्हणून." मीं हो म्हटलें. आज लिहूं, उद्यां लिहूं करीत पंधरवडा गेला. खरें सांगावयाचें तर नुसता आळस नव्हता. ज्यांनीं आमच्याशीं बोलणें टाकलें त्यांच्या दारीं आपण कां जावें, नेमणुकीचा कागद हातांत असतां कोणाची मिनतवारी कां करावी, असा ताठा होता. पत्र लिहिलें गेलें नाहीं. वडिलांनीं विचारलें तेव्हां मीं लिहिलें असें सांगितलें.

पावसाळ्यांत भावाला कावीळ झाली. खोलींतला सोबती रजेवर गेलेला. अकरा दिवस तो एकटा पडून होता. भाषा येत नव्हती, आणि कोणाला हांक मारावी तें कळत नव्हतें. शेवटीं कारखान्याच्या पहारेकऱ्यानें, तो बिचारा बिहारकडचा, दार उघडून पाहिलें आणि त्याला रुग्णालयांत नेलें. तेथें आडनांव ऐकून कोणींतरी त्या काकांना निरोप दिला. ते मैलभरावर राहत होते. काकू दोन्ही वेळां भाताची पेज घेऊन येऊं लागल्या, आणि पुढें महिनाभर त्यांनीं त्याला घरीं ठेवून घेतलें. आंब्याचें नांव कोणीं काढलें नाहीं. काका एवढेंच म्हणाले, "अरे, दोन ओळी तरी लिहावयाच्या होत्या." भावाला वाटलें, पत्र टपालांत गहाळ झालें. मींहि त्याला तसेंच वाटूं दिलें. पुतणीच्या त्या दिवशींच्या गप्प बसण्यानंतर, चाळीस वर्षांनीं, मीं त्याला खरें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. उठून आंत गेला, कागद आणि पेन घेऊन आला, आणि माझ्यापुढें ठेवून म्हणाला, "आतां लिही."

या अनुभवावरून आणि वर सांगितलेल्या दोन चरित्रांवरून मला जें समजलें तें थोडक्यांत मांडतों.

पहिली गोष्ट काळाची. ओळख ही लोणच्यासारखी आहे. ती मुरावी लागते. निघण्याच्या आठ दिवस आधीं केलेली ओळख ही ओळख नसून अडचण असते. किमान सहा महिने, शक्य तर वर्ष, आधीं आरंभ करावा. आनंदीबाईंनीं तीन वर्षें दिलीं.

दुसरी गोष्ट पत्राची. आज टपालाची जागा ई-मेलनें घेतली आहे आणि समोरासमोर बोलल्यासारखा व्हिडिओ कॉलहि करतां येतो. तरी पत्राचा धर्म तोच आहे. आरंभीं आपण कोण हें खरें व थोडक्यांत सांगावें. ज्याला लिहितों त्याचें काम आपण वाचलें-पाहिलें आहे हें त्याला दिसावें. प्रश्न एक किंवा दोनच, आणि ज्यांचें उत्तर त्यालाच देतां येईल असे विचारावे. नोकरी द्या असें पहिल्या पत्रांत लिहूं नये. तुमच्या क्षेत्रांत नवख्यानें काय शिकून यावें, असें विचारावें. उत्तर आल्यास आभार मानून, त्याप्रमाणें आपण काय केलें तें पुढील पत्रीं कळवावें. बहुतेक ओळखी दुसऱ्या पत्राच्या अभावीं मरतात.

तिसरी गोष्ट, ओळख आणि वशिला यांतील अंतर. वशिला म्हणजे माझ्यासाठीं नियम वांकवा अशी विनंती. ओळख म्हणजे मी जसा आहें तसा मला जाणून घ्या अशी विनंती. पहिलीनें माणूस मिंधा होतो, दुसरीनें होत नाहीं. आमच्या घरांतील ताठा हा पुष्कळदां या दोहोंची गल्लत केल्यानें उत्पन्न होतो.

चौथी गोष्ट, क्षेमाच्या माणसाला क्षुद्र वाटणारे प्रश्न विचारण्यास संकोचूं नये. थंडींत काय पांघरतात? डाळ कोठें मिळते? शनिवारीं रात्रीं पोंचलों तर रविवारीं दुकान उघडें असतें का? हे प्रश्न प्राध्यापकांस विचारण्याचे नव्हेत. परंतु विचारलेच पाहिजेत. आज दूरदूरच्या शहरांतून आपल्या लोकांचीं मंडळें आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें, आणि उत्तर अमेरिकेंतील मंडळांना एकत्र गुंफणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचें. त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र तेवढ्यावर थांबूं नये. आनंदीबाईंची मावशी त्यांच्या भाषेची, ज्ञातीची किंवा धर्माची नव्हती, आणि माझ्या भावाचें दार उघडणारा पहारेकरी आमच्या प्रांताचाहि नव्हता.

पांचवी गोष्ट सावधपणाची. जो पहिल्याच पत्रीं किंमत मागतो, मग ती श्रद्धेची असो वा पैशाची, त्याच्यापासून दूर राहावें. न पाहिलेल्या खोलीसाठीं आगाऊ रक्कम मागणारे लोक आज सर्वत्र आहेत. ओळखीच्या माणसानें खोली डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज पैसा पाठवूं नये.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: निघण्यापूर्वीं तुटलेले धागे जोडावे. नवी ओळख करण्यास वर्ष लागतें. जुनी ओळख जिवंत करण्यास बहुधा दोन ओळी पुरतात. अडचण असते ती आपल्या अहंतेची.

मीं तें पत्र लिहिलें. माझा एक जुना विद्यार्थी पुतणीच्या त्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहतो. त्याला वीस वर्षांत मीं एक ओळ लिहिली नव्हती. प्रथम त्याबद्दल क्षमा मागितली, मग मुलीविषयीं लिहिलें. चौथ्या दिवशीं उत्तर आलें. त्यानें लिहिलें होतें कीं, तिकडे रविवारीं दुकानें बंद असतात, म्हणून तिनें शुक्रवारीं पोंचावें असें तिकीट घ्यावें. राहण्याच्या जागेची नोंद पहिल्या दोन आठवड्यांत सरकारी कचेरींत करावी लागते, आणि त्यासाठीं घरमालकाचा दाखला लागतो, तो आधींच मागून ठेवावा. स्थानकावर मी येईन. त्याच्या पत्नीनें खालीं दोन ओळी जोडल्या होत्या: पहिले दोन दिवस आमच्याकडेच राहूं दे, भाजी काय आवडते तें कळवा. पुतणीनें तिकीट बदलून घेतलें. आतां तिचें आणि त्या बाईंचें परस्पर बोलणें चालतें. आमची मध्यस्थी संपली. जर्मन भाषेंत संशोधनाच्या मार्गदर्शकास 'डॉक्टर-पिता' अशा अर्थाचा शब्द आहे, असें पुतणी सांगते. पित्याची सोय विद्यापीठानें केली होती. मावशी आपली आपण मिळवावी लागली.

जे जात नाहींत, मागेंच राहतात, त्यांनाहि यांत एक कर्तव्य आहे. आपल्या गांवींहि दूरदूरचीं माणसें येतात. बँकेंत, शाळेंत, बांधकामावर, नव्या भाड्याच्या खोलींत. त्यांच्यापैकीं कोणाचें तरी दार आपण एकदां ठोठावावें. तिकडे आपल्या मुलीला मावशी मिळावी अशी इच्छा असेल, तर इकडे कोणाचीं तरी मावशी-काका होण्याची तयारी असली पाहिजे.

निघण्याच्या आदल्या गुरुवारचा मुहूर्त चांगला आहे म्हणून माझ्या भावजयीनें प्रस्थान ठेवण्याचें योजलें आहे. पुरचुंडी पश्चिमेकडील शेजाऱ्यांकडे जाईल. तेथें सध्यां एक आसामी कुटुंब भाड्यानें राहतें. त्यांना ही रीत समजावून सांगण्याचें काम माझ्याकडे आलें आहे, आणि गेल्या तीन वर्षांत त्यांच्या घरीं मी प्रथमच जाणार आहें.